फोटोपुरता शर्ट

धुलाईच्या दुकानात मागच्या बाजूला, खिडकीखालच्या टेबलाशी ती बसायची, आणि सगळी आळी तिला डागताई म्हणायची. ग्रीस असो, गंज असो, रक्त असो, तिच्या टेबलावरून डाग जसाच्या तसा परत गेलेला कुणी पाहिला नव्हता. मालकसुद्धा तिला वचकून असे. आणि वचक नुसता हातातल्या कसबाचा नव्हता, तोंडाचाही होता. तिचा एक दंडक होता: गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावून बघायचा नाही. घालणं तर सोडाच, आरशासमोर छातीशी धरायचासुद्धा नाही. एका नव्या मुलीने एकदा कुणाचा तरी रेशमी स्कार्फ गळ्याभोवती घेऊन आरशात पाहिलं, तर ताईने तिला सगळ्यांसमोर अशी फैलावर घेतली की पोर दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. आपलेच हात स्वच्छ नसतील तर लोकांचे डाग काय काढणार, असं ताई तेव्हा म्हणाली होती. ते वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे ती ते येताजाता वापरायची.

तर अशा बाईच्या घरी फोटो काढायचं निघालं. मुलाला लांबच्या शहरात नोकरी लागली होती, तो आणि सून बिऱ्हाड हलवणार होते. जायच्या आधी चौघांचा एक झकास फोटो हवा, ही सुनेची हौस. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने बजावलं होतं की सगळ्यांचे रंग फिकट हवेत, चौकडा नको, फुलंबिलं नकोत. सुट्टीच्या दिवशी सुनेने सगळ्यांचे कपडे पलंगावर मांडले. तिचं आणि मुलाचं जमलं, ताईचंही ठेवणीतलं एक आकाशी निघालं. घोडं अडलं ते सासऱ्यांपाशी.

ताईचा नवरा शाळेची बस चालवायचा. त्याच्याकडे खाकी गणवेश, आणि बाकी सगळा चौकडा. लाल चौकडा, हिरवा चौकडा, टेबलावर अंथरायच्या प्लास्टिकसारखा. सुनेने एकेक शर्ट उचलून बाजूला ठेवला. पोर गुणाची, वावगं काही बोलली नाही. शेवटी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाबा मागे उभे राहिले तर शर्ट फारसा दिसायचा नाही." तर तो भला माणूस लगेच म्हणतो कसा, हो हो, मी मागेच बरा, मी उंच आहे. आता त्याचं डोकं मुलाच्या खांद्याला लागतं. सून हसली, मुलगा हसला, तोही हसला. ताईच्या मात्र जिव्हारी लागलं. जन्मभर लोकांच्या पोरांना शाळेत सोडणारा माणूस स्वतःच्या पोराच्या फोटोत मागे उभा राहणार, हे काही तिच्या गळी उतरेना. नवा शर्ट घ्यावा तर घरातला सगळा पैसा मुलाच्या बिऱ्हाडासाठी गेलेला.

दुकानात एका दांडीवर न्यायला न आलेले कपडे टांगलेले असत. त्यात एक फिकट आकाशी शर्ट होता, पेनवाल्या काकांचा. काका नकाशे काढायचे. उघडं पेन खिशात ठेवायची त्यांना खोड, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर शाईचा डाग ठरलेला. ताईचे हात शिवशिवायचे. पण काका दरवेळी सांगायचे, डागाला हात लावू नका हो, परत पडणारच आहे, उगाच तुमची मेहनत वाया. हा शर्ट टाकून गेले त्याला बरेच महिने झाले होते. काका फिरकलेच नाहीत. गेले असतील मुलीकडे, असं ताईने धरलं होतं. अंगाने काका तिच्या नवऱ्यासारखेच, पोटसुद्धा तसंच पुढे.

जेवणाच्या सुट्टीत दुकान रिकामं झालं आणि ताईने शर्ट टेबलावर घेतला. खिशाखाली जाड फडकं घातलं, बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि डागाच्या कडेकडून आत आत येत गेली. मधून सुरुवात केली तर शाई पसरते. फडकं बदलत गेली तशी शाई उतरत गेली. खिसा कोरा झाला तेव्हा तिला इतका आनंद झाला की आपण चोरी करतोय हे क्षणभर ती विसरूनच गेली. दुसरं बटण तेवढं वेगळं होतं, बाकी आकाशी आणि ते पांढरं. असू दे, म्हणाली. घरी सांगितलं, स्वस्तात मिळाला.

फोटो मात्र काय आला म्हणता! फोटोवाल्याने बाबांना पुढच्या खुर्चीत बसवलं, आणि बाबा असे हसले की बाकीचे तिघे त्यांच्यामागे सजावटीला उभे केल्यासारखे दिसावेत. ताईने शर्ट धुऊन, इस्त्री करून परत दांडीवर टांगला. नवऱ्याला म्हणाली, जपून ठेवलाय. प्रकरण मिटलं, असं तिला वाटलं. पण फोटोवाल्याला फोटो इतका आवडला की त्याने भलामोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. सून हरखली. ताई मात्र त्या दिवसापासून लांबच्या रस्त्याने दुकानात जायला लागली.

आणि एका सकाळी पेनवाल्या काकांची बायको दुकानात आली. काउंटरवर मालक होता, त्याला टाळून ती थेट मागे ताईच्या टेबलापाशी गेली.

"कोपऱ्यावरच्या काचेत तुमचा फोटो आहे ना? त्यातला शर्ट आमच्या ह्यांचा आहे. दुसरं बटण मी लावलंय, घरात आकाशी सापडलं नाही म्हणून पांढरं."

ताईने दांडीवरून शर्ट काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. चुकले, असं कसंबसं म्हणाली, आणि काका कसे आहेत म्हणून विचारलं. काका थंडीतच गेले होते. हा शर्ट इथे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

त्या बाईने शर्ट टेबलावर पसरला आणि खिशावरून बोट फिरवलं. मग उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं.

"इथे शाईचा डाग होता."

"मी काढला," ताई म्हणाली.

"बाकीचे शर्ट मी लगेच देऊन टाकले. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. काचेत हा दिसला आणि वाटलं, एक तरी उरला." तिने शर्टाची नीट घडी करून तो टेबलावर ठेवला. "आता हा कुणाचाही शर्ट आहे. तुमच्या मिस्टरांना शोभतो. राहू द्या त्यांनाच."

ती रागावली असती, चार लोकांत अब्रू काढली असती तर ताईने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण ती हळू आवाजात बोलली आणि निघून गेली. पलीकडे इस्त्री करणाऱ्या बायका काही न ऐकल्यासारख्या इस्त्री फिरवत राहिल्या. ताईला ती स्कार्फवाली पोर आठवली. तिने तर नुसतं आरशात पाहिलं होतं.

संध्याकाळी पिशवीतून शर्ट बाहेर निघाला तसा नवरा खूश झाला. बरं झालं आणलास, म्हणाला, मुलाला गाडीवर सोडायला हाच घालतो. भिंतीवर तोच फोटो टांगलेला होता. ताईने शर्ट हातातून सोडला नाही.

"अहो, तो आपला नाही. दुकानातला होता. त्याचा माणूस वारलाय."

तो फोटोकडे वळला. बराच वेळ स्वतःच्याच हसऱ्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याचा हात आपोआप छातीवर गेला, जिथे खिसा असतो तिथे.

"अगं, मी मागे उभा राहिलो असतो की," तो म्हणाला. "कुणाचा शर्ट घालून मी इतका हसत बसलोय?"

ताई खाली बसली आणि तिने सांगितलं, कुणाचा ते. डाग कुठे होता तेही सांगितलं.