तेरा आले, एक बाकी

काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक. मग खणखणीत आवाज, "मॅडम, तेरा आले, एक बाकी!"

नोव्हेंबरात हा आवाज आला की आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा आपोआप पोट आत घ्यायचा. कॅप्टनसाहेब आले, एवढाच त्याचा अर्थ. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांनीच मला झापलं असतं, "मॅडम, एकट्याचं कसलं नाव लिहिता? यादी लिहा."

मी रत्नागिरीत एका बँकेत पेन्शनच्या खिडकीवर बसते. दर नोव्हेंबरला पेन्शनरांनी येऊन आपण जिवंत असल्याचं दाखवायचं, हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर पेन्शन थांबते. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर हे तुम्हाला ठाऊकच आहे. महिनाभर माणसं 'मी आहे, मी आहे' करत समोर येतात. खरं सांगते, दहाव्या माणसानंतर माझं टाळकं सटकायचं. मान वर न करता मी म्हणायची, नंबर सांगा, अंगठा ठेवा, पुढचे कोण?

पहिल्याच वर्षी साहेबांनी मला इंगा दाखवला. एका आजोबांचा अंगठा घेऊन मी "पुढचे" म्हणाले, तर आजोबा हलेचनात. त्यांच्या खांद्यावर साहेबांचा हात होता. "मॅडम, हे हयात आहेत असा दाखला देताय ना? मग एकदा बघा तरी त्यांच्याकडे." मी रागाने मान वर केली. आजोबा हसले. पुढचे दोन दात नव्हते. हसू मात्र असं छान की मलाही नाइलाजाने हसावं लागलं.

साहेब अठराव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झाले आणि सगळी उमर फौजेत काढून कॅप्टन होऊन गावी परतले. त्यानंतर आंबा-काजूची कलमं बघत स्वस्थ बसायचं, तर ह्यांनी आसपासचे माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा शोधून काढल्या. देवरूखपासून गणपतीपुळ्यापर्यंत वाड्यावाड्यांत विखुरलेली चौदा माणसं, स्वतःला धरून. सगळ्यांची खाती त्यांनी आमच्याच शाखेत आणली. देवरूखला काय बँक नाही? आहे की! पण साहेबांचं म्हणणं, "माणसं पांगली की हातची जातात."

ते सगळ्यांना वडापच्या जीपमध्ये घालून आणत. पायरीपाशी उभं राहून एकेकाला हात देत आणि सगळे बसल्यावर शेवटी स्वतः चढत. बँकेतही रांगेत शेवटचे तेच. मी एकदा म्हणाले, "साहेब, तुम्ही आधी या ना, गुडघा दुखतोय तुमचा." म्हणाले, "फौजेत अफसर शेवटी जेवतो, मॅडम. गुडघ्याला ठाऊक आहे ते."

कोकणातली भाऊबंदकी मी तुम्हाला काय सांगणार? साहेबांचीही सख्ख्या भावाशी एका फणसावरून वर्षानुवर्षं केस चालू होती. "रक्ताचा भाऊ मला कोर्टात भेटतो," ते हसत सांगायचे, "आणि हे फौजेच्या लंगरात एका पंगतीला जेवलेले. आता सांगा, भाऊ कोण?" देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात एक हवालदार राहायचे. त्यांचा मुंबईतला मुलगा बापाला फोन करत नसे. साहेबांनी काय करावं? दर सोमवारी पहाटे सहाला त्या मुलाला फोन! "हजर आहात? वडिलांची चौकशी करायची होती. मला सांगता का, ते कसे आहेत?" दोन महिन्यांत पोरगा सुतासारखा सरळ झाला. मग साहेबांनी त्याचा नंबर यादीतून खोडून टाकला.

आता शेवंतीकाकूंचं सांगते, कारण माझी खरी परीक्षा तिथे झाली.

शेवंतीकाकू म्हणजे साहेबांच्या कंपनीतल्या एका नाईकाची विधवा. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या वाडीत राहायच्या आणि काजू फोडायच्या कामाला जायच्या. काजूच्या टरफलातलं तेल बोटांची सालं काढतं. एका नोव्हेंबरात त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला आणि लाल दिवा लागला. दहाही बोटं करून झाली. रेघाच उरल्या नव्हत्या, यंत्र वाचणार काय? चेहरा बघून ओळखणारी सोय तेव्हा आमच्याकडे आली नव्हती.

"आवो, मी जिती हाय नि तुमचं यंत्र मेलंय," काकू म्हणाल्या.

कागदावरचा दाखला नावाची गोष्ट होती. कोरे फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये पडलेले होते. पण मॅनेजरांनी तोंडी बजावलं होतं, वरून सांगितलंय, सगळं यंत्रावर करा, कागद टाळा. म्हणून मी काकूंना म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. एकदा नव्हे, तीनदा म्हणाले. तीनदा ती बाई रोज बुडवून आली आणि तीनदा लाल दिवा बघून गेली. महिना संपला की त्यांची पेन्शन बंद होणार, हे मला माहीत होतं. तरी मी ड्रॉवर उघडला नाही.

पुढच्या रविवारी माझी नणंद आली म्हणून आम्ही गणपतीपुळ्याला निघालो होतो. वाटेत त्याच वाडीत नारळपाण्याला थांबलो. समोरच्या शेडमधून आरडाओरडा ऐकू येत होता. डोकावले, तर काय सांगू तुम्हाला! पाच म्हातारे फौजी हाताला खोबरेल चोपडून ओळीने काजू फोडत बसलेले. ओळीत शेवटी कॅप्टनसाहेब. आणि काकू उंबऱ्यावर बसून ओरडतायत, "हलक्या हातान मारा! सगळा गर फुटतोय! सरहद्द सांभाळलीत नि एक बी फोडायला येत नाय?"

"साहेब, हे काय?"

"ड्यूटी बदली आहे, मॅडम. वहिनींच्या बोटांना पंधरा दिवस सुट्टी दिली. कातडी भरून आली की अंगठा उठेल. तोवर त्यांची जागा जायला नको."

शेडचा मालक कपाळाला हात लावून उभा होता. "माल निम्मा फुटका निघतोय," तो माझ्या कानाशी म्हणाला, "पण ह्यांना बोलणार कोण?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी टकटक झाली. "चौदा हजर, बाकी कोणी नाही!" दर वर्षी कोणीतरी एक आजारपणाने मागे राहून नंतर यायचंच; चौदाही एकदम इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आले होते. काकू पुढे आल्या. अंगठा ठेवला. हिरवा दिवा! सगळ्या शाखेने टाळ्या वाजवल्या. काकू स्वतःच्या अंगठ्याकडे बघतच राहिल्या.

मग बाकीचे आले. आठ जणांचं झालं. नंतर हवालदारांनी अंगठा ठेवला, लाल दिवा. त्यांच्या मागच्याचाही लाल. असे चार झाले, आणि शेवटी साहेब. त्यांचाही लाल. पाचही जणांच्या बोटांची सालं गेलेली! दुसऱ्याची बोटं वाचवायला निघालेली ही फौज, पण ह्याच महिन्यात आपलेही अंगठे लागणार आहेत, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

साहेबांनी अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग ताठ उभे राहिले. "मॅडम, चौदा हजर. त्यातले पाच मयत."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी काही वेगळंच झालं. मी ड्रॉवर उघडला. पाच कोरे फॉर्म काढले आणि भरायला घेतले. मॅनेजर धावत आले. "मॅडम, वरून सांगितलंय—"

"सर, वरच्यांनी ह्यांना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. करायची ती तक्रार करा माझी."

सही-शिक्का झाला. मॅनेजरांनी तक्रार केली नाही, चांगला माणूस होता, नुसताच भित्रा. मी तरी कुठे वेगळी होते? बाकीचे जीपकडे गेले तेव्हा मी साहेबांना सांगून टाकलं, "हे फॉर्म पहिल्या दिवशीही इथेच होते. काकूंना मी उगाच खेटे घालायला लावले. माझं चुकलं."

"ठाऊक होतं," साहेब म्हणाले. "तुमच्या साहेबांकडे मागितला होता मी. नाही म्हणाले. तुमच्याकडे मागितला असता तर तुमच्या नोकरीवर बालंट आलं असतं. त्यापेक्षा काजू फोडणं सोपं." मग जाता जाता वळून म्हणाले, "येतो, ताई." तोवर मी मॅडम होते.

ह्या वर्षी गणपती विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी साहेब झोपेतच गेले. अंत्ययात्रेत फणसाची केस चालवणारा भाऊ सगळ्यांत मोठ्याने रडला.

नोव्हेंबर उजाडला. आता ह्यांना आणणार कोण? माणसं पांगली की हातची जातात. पहिला आठवडा कोणी आलं नाही. दुसराही गेला. मी नावांची यादी काढून फोन करायला घेणार, एवढ्यात काचेवर दोनदा टकटक झाली.

शेवंतीकाकू होत्या. पदर खोचलेला, मागे सगळी रांग. "बाय माझे, बारा आले. एक बाकी. हवालदारांना कमरेतनं उठवत नाय."

एकेकाकडे नीट बघत मी सगळ्यांचं केलं. बारावा अंगठा झाला आणि सवयीने तोंडातून गेलं, "पुढचे कोण?"

कोणी नव्हतं. रांगेच्या शेवटी त्यांनी एका माणसाची जागा सोडली होती. मी त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. काकूंना ते दिसलं असावं, पण त्या खेकसल्याच, "बघतंस काय? गाडी उभी हाय. डोंगरात हवालदार वाट बघून ऱ्हायलेत."

मी फॉर्म घेतला, शिक्का घेतला. मॅनेजरांना म्हणाले, दाखला घ्यायला हवालदारांच्या घरी जाऊन येते. त्यांनी मान डोलावली.

बाहेर जीप उभी होती. मी पायरीपाशी थांबून एकेकाला हात दिला. सगळे बसल्यावर मी चढले.