गार्डसाहेबांचा मायनर विषय

जगात धर्म पुष्कळ आहेत आणि त्यांचा अभ्यास केलेले विद्वानही पुष्कळ असतील, पण सगळ्या धर्मांचा रीतसर पंचनामा केलेला माणूस एकच, आणि तो तीन वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसत होता. वय अठ्ठावन्न पूर्ण. खाकी पँट, वर पांढरा सदरा, चकचकीत काळे बूट, हातात वेताची काठी. जन्मभर जंगलात गार्डाची, म्हणजे वनरक्षकाची नोकरी केली, आणि निवृत्त झाले त्याच जूनमध्ये गडचिरोलीला आमच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. हजेरीपटावर त्यांचं नाव होतंच, पण प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सर आले समजून आम्ही सगळे उभे राहिलो. आम्ही उभे राहिलो म्हणजे मागून कोणी मोठे साहेब येत असतील असं समजून तेही दारात बाजूला होऊन ताठ उभे राहिले. खऱ्या मॅडम आल्या तेव्हा अख्खा वर्ग सावधान स्थितीत होता. त्या पुण्याकडच्या, नवीनच नोकरीला लागलेल्या; इकडे इतकी शिस्त असते हे पाहून त्यांना फार बरं वाटलं.

आमचा मेजर विषय मराठी आणि मायनर ‘धर्मांचा तुलनात्मक अभ्यास’. मी हा मायनर काही ओढीनं घेतला नव्हता. मी एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावातली. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नाही, हे मी अभिमानानं सांगते आणि कोणी विचारलं नसलं तरी सांगते. पण त्या दिवशी एसटी उशिरा आली आणि फॉर्म घेऊन खिडकीशी पोचेस्तोवर भूगोल भरला होता, इतिहास भरला होता. राहिला होता हा. आतल्या बाबूंनी विचारलं, "धर्म चालते काय?" मी म्हटलं, "चालते." घरी सांगितलं तर बाबा धानाच्या बांधीतलं काम सोडून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "आपला देव आपल्याले ठाऊक आहे. दुसऱ्याचा देव दुसऱ्याले ठाऊक आहे. मंग तू काऊन शिकून राह्यली?" याचं उत्तर मला तीन वर्षं देता आलं नाही. गार्डसाहेबांनी मात्र हा विषय मागून घेतला होता. प्रवेशाच्या दिवशी सकाळी सातला ते खिडकीपुढे हजर होते आणि फॉर्मवर मायनरच्या रकान्यात त्यांनी पट्टी ठेवून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्यांच्या घरच्या बाई आम्हाला म्हणायच्या, "लोकायचे रिटायर झाल्यावर तीर्थाले जातेत. आमचे परीक्षेले जातेत."

आता त्यांच्या लिहिण्याबद्दल. तीस-पस्तीस वर्षं जो माणूस पंचनामेच लिहीत आला, त्याच्या हातून दुसरं काही उतरणार तरी कसं? चार आर्यसत्यांवरचं त्यांचं उत्तर मला अजून पाठ आहे. ‘आज रोजी सकाळी अंदाजे अकरा वाजता मौका पाहणी केली असता जागोजागी दुःख आढळून आले. सदर दुःखाचे कारण शोधले असता तृष्णा हे दिसून आले. तृष्णा थांबविल्यास दुःख थांबते, अशी खात्री झाली. त्याकरिता आठ पदरी मार्ग उपलब्ध असून तो चालू स्थितीत आहे.’ मॅडमनी हे वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि दहापैकी सात दिले. म्हणाल्या, "चूक शोधत होते, सापडली नाही." मोक्षावरच्या उत्तरात तर त्यांनी चतुःसीमा टाकली होती: पूर्वेस कर्म, पश्चिमेस भक्ती, दक्षिणेस ज्ञान, उत्तरेस मोजणी बाकी. शेवटी ‘समक्ष’ असं लिहून दोन पंचांच्या सह्यांसाठी जागा सोडायचे आणि परीक्षेच्या हॉलमध्ये मागं वळून मला खुणावायचे. पर्यवेक्षकांनी धरलं तर शांतपणे म्हणाले, "सर, मी कॉपी नाई करून राह्यलो. साक्षीदार घेऊन राह्यलो."

पुस्तकावर त्यांचा विश्वास नव्हता. मॅडमनी एखादा धर्म शिकवला की रविवारी गार्डसाहेब त्या धर्माच्या जागी हजर. मशिदीत गेले, विहारात गेले, चर्चला गेले, चामोर्शीकडे एका मठात जाऊन दिवसभर बसून आले. पन्नास पावलं आधीच बूट काढायचे आणि हातात धरून चालायचे, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कोणीतरी धावत येऊन म्हणायचं, "काका, बूट चोरीला जात नाहीत इथं." एकदा मीही सोबत गेले होते. तिथले लोक काय काय सांगत होते, प्रार्थना कशी, उपवास कसा, गार्डसाहेब आपले मान डोलावत होते आणि शेवटी त्यांनी विचारलं, "समजा तुमच्या देवाच्या बाबतीत आपल्या हातून काही चूक झाली, तर कोणाले भेटाव लागते?" मला वाटलं, नोकरीची सवय, अर्ज कुठं करायचा ते विचारत असतील. पण नंतर कळलं की ते सगळीकडे हाच एक प्रश्न विचारत होते. कोणी म्हणालं, मनातल्या मनात सांगा. कोणी म्हणालं, आमच्याकडे त्यासाठी ठरलेली जागा आहे, तिथं बसून बोलायचं. मशिदीतले म्हातारे मौलाना म्हणाले, "देव तर माफ करेल भाऊ, पण ज्या माणसांचं दुखवलं, त्यांच्याकडे तुम्हालाच जावं लागेल." त्या दिवशी परत येताना गार्डसाहेब बूट घालायलाच विसरले. बसस्टँडपर्यंत हातात धरून चालले. तुलनात्मक अभ्यासाचा त्यांचा लेखी निष्कर्ष मात्र असा होता की चहा सर्व धर्मांत देतात, साखर कमी-जास्त.

माझ्याशी त्यांचं वागणं जरा विचित्रच होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "गाव कोणतं बाई?" मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं. मग महिनाभर ते माझ्याशी बोललेच नाहीत, आणि त्यानंतर मी वर्गात आले की उठून उभे राहायला लागले. बापापेक्षा मोठा माणूस माझ्यासाठी उभा राहतो, मला शरमल्यासारखं व्हायचं. पोरी चिडवायच्या, "कलेक्टरबाई आल्या, उठा!" मी सांगून पाहिलं, "गार्डसाहेब, बसा न जी." ते म्हणायचे, "राहू दे. पायाले बरं असते."

उलगडा झाला तो शेवटच्या सहामाहीत. मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं एका धर्मस्थळी जाऊन स्वतः पाहून प्रकल्प लिहायचा. तो झाला नाही तर मायनर अपूर्ण आणि डिग्री अडकणार. त्या दुपारी गार्डसाहेब लायब्ररीत माझ्यासमोर येऊन बसले, काठी आडवी ठेवली आणि म्हणाले, "तुह्या गावाले नेशीन काय मले?"

"चाला न. त्यात काय?"

"आधी ऐक, मंग हो म्हण. तुमच्या गावच्या देवाले अटक करणारा गार्ड थो मीच होय."

ही गोष्ट आमच्या गावात पोरंसोरं पाळण्यापासून ऐकतात. आमचा देव, आम्ही गोंडीत पेन म्हणतो, ऐनाच्या झाडाच्या दोन लाकडांचा आहे. जत्रेला तो खांद्यावरून दुसऱ्या गावी जातो. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एकदा पहाटे देव निघाला असताना रस्त्यावर एक नवा गार्ड उभा होता. त्यानं लाकूड पाहिलं आणि वाहतुकीचा पास मागितला. देवाचा पास कोण काढतं? त्याला गोंडी येत नव्हती, आमच्या माणसांना त्याची मराठी. त्यानं पंचनामा केला, ‘ऐन लाकूड, नग दोन, विनापास’, आणि देवाला जंगलखात्याच्या लाकूड-डेपोत नेऊन जमा केलं. सगळं गाव डेपोच्या फाटकाबाहेर आठ दिवस बसून राहिलं. ओरडलं नाही, काही नाही, नुसतं बसलं. शेवटी एक मोठे अधिकारी आले, त्यांना समजलं, देव सुटला.

"नोकरीचं पयलं वर्ष होतं माह्यं," गार्डसाहेब सांगत होते. "लई हुशारी होती अंगात. आणि नुसतं जप्त नाई केलं बाई. खात्याचा हातोडा मारला त्याच्यावर. शिक्क्याचा हातोडा. थो लाकडात उमटते न, तर निघत नाई. मले फक्त एकदा जाऊन थे पाह्याचं आहे. आणि पाया पडाचं आहे. म्हणून हा विषय घेतला. नाहीतर मले काय मोक्षाचं काम होतं?"

मी त्यांना नेलं. मार्च महिना, मोहफुलांचे दिवस. आलापल्लीपासून पुढं एसटीसमोर सूरजागडचे खनिजाचे ट्रक, एकामागे एक. लाल धुळीनं गार्डसाहेबांचा पांढरा सदरा गेरूनं सारवल्यासारखा झाला. बूट त्यांनी गडचिरोलीलाच ठेवले होते. मांडीवर एक नवी कोरी वही, तिच्यात चतुःसीमेचे रकाने आधीच आखलेले. गावात मी निरोप दिलेलाच होता. टोपल्या डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायका त्यांना पाहून थांबल्या. माझी मोठी काकू बोलायला आधीच तिखट. ती म्हणाली, "या साहेब! आज कोणाले धरून नेता?" बायका हसता हसता टोपल्या सावरू लागल्या. गार्डसाहेबांनी काठी खाली ठेवली आणि हात जोडले, पण घामानं त्यांची कानशिलं भिजली होती. आमच्या गावचा गायता, म्हणजे देवाचं सगळं पाहणारा, नात्यानं माझा मामा लागतो. तो घरातून बाहेर आला, यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पास आहे काय?"

आता बायका तर हसून हसून खाली बसल्या. पण गार्डसाहेबांना हा विनोद आहे हे कळलंच नाही. त्यांनी लगबगीनं खिशातून कॉलेजचं पत्र काढून दोन्ही हातांनी पुढं केलं. मामानं ते उलगडून पाहिलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं, "निळा आहे. चांगला आहे," म्हणाला आणि घडी करून फेट्यात खोचलं. मग यांचा दंड धरून चालायला लागला.

देवाच्या जागी बायकांनी जायचं नसतं. या नियमावरून माझं आणि मामाचं भांडण आहे आणि ते अजून चालू आहे. तर त्या दिवशी धर्माभ्यासाची मी पहिल्या नंबरातली विद्यार्थिनी वाटेवरच्या दगडावर बसून राहिले आणि देवाला धरून नेणारे गार्डसाहेब आत गेले. बऱ्याच वेळानं दोघं आले. गार्डसाहेबांच्या कपाळाला माती होती आणि डोळे लाल. वही बगलेत, उघडलीही नव्हती.

मामा मला म्हणाला, "पाहून घेतलं यानं. पण लिहाचं नाई."

मी एकदम उसळले. "मामा, लिहिलं नाई तर हे नापास होतीन! तीन वर्षं शिकले हे. या वयात!"

"पोरी, एकदा यानं लिहून नेलं होतं. तेव्हा कोणी इचारलं काय आमाले? आज यानं इचारलं, लिहू काय म्हणून. आमी नाई म्हणलं."

मी गार्डसाहेबांकडे पाहिलं; वाटलं, ते तरी काही बोलतील, मॅडमचं नाव घेतील, निदान दोन ओळी तरी मागतील. ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि माझ्या काकूनं दिलेली आंबील दोन वाट्या प्यायले, अगदी लहान पोरासारखं, ओठांवर मिशी उमटेपर्यंत.

प्रकल्प म्हणून त्यांनी एकच पान दिलं. ‘सदर ठिकाणी गेलो. पाहिले. लिहिण्यास परवानगी नाही, म्हणून लिहिले नाही.’ मॅडमनी त्यांना परोपरीनं सांगितलं की विहाराचं लिहा, चर्चचं लिहा, तुमच्याकडे सगळ्यांची टिपणं आहेत, मी आठ दिवस थांबते. ते म्हणाले, "मॅडम, त्या जागांवर माह्यं काही बाकी नाई." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पान उलटून पाहिलं, मागं काही आहे का म्हणून. मायनरपुढं ‘अपूर्ण’ असा शेरा पडला. माझी डिग्री आली त्या दिवशी ते कार्यक्रमाला आले होते, चकचकीत बूट घालून, आणि माझं नाव पुकारल्यावर इतक्या जोरात काठी आपटली की पुढच्या रांगेतले पाहुणे दचकले. बाबांना मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी दिलं. म्हटलं, "गार्डसाहेबांसारखं शिकाव लागते." त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी गार्डसाहेबांना घरी जेवायला बोलावलं.

त्या पानावर काय यायला हवं होतं, ते मला आजही माहीत नाही. हातोड्याची खूण अजून आहे का, एवढं तरी सांगा म्हटलं, तर ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून नुसते हसतात. आता त्यांना ऐकू कमी येतं, गुडघे धरतात, घरच्या बाई एकटं सोडत नाहीत. पण आमच्या जत्रेला ते येतात. देव निघायच्या आधी पहाटेच डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहतात. गेल्या वर्षी मी पाहिलं: खनिजाचे ट्रक लांबून दिवे लावून येत होते आणि हा म्हातारा रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभा होता. पहिला ट्रक फुसफुसत थांबला, मागचे सगळे थांबले. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, "क्या जा रहा है, चाचा?" गार्डसाहेबांना ऐकू आलं नसावं. त्यांची नजर झाडीकडे होती. झाडीतून आमची माणसं देवाला खांद्यावर घेऊन बाहेर आली, रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडीत गेली, आणि शेवटची म्हातारी पार जाईपर्यंत त्यांनी काठी खाली घेतली नाही.