डाव्या बाजूची दोन भोकं

"दोन्ही भोकं डाव्याच बाजूला," बाई फोनवर म्हणाल्या. "उजवीकडं एकही नको."

नक्की डाव्याच का, असं मी पुन्हा विचारलं. उलांडीला लागतात, एवढंच उत्तर आलं. पहिलं भोक टोकापासून पाच फुटांवर, दुसरं तिथून सात फुटांवर, प्रत्येक भोक नारळ जाईल एवढं. मी हाव, हाव म्हणत लिहून घेतलं. उलांडी म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. वहीत 'ओलांडी' असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलो.

लातुरात माझं ताडपत्रीचं दुकान आहे. ट्रकची कव्हरं, मळणीयंत्राची कव्हरं, मोंढ्यातल्या पोत्यांच्या थप्पीवरची पांघरुणं, मंडपाचे पडदे. सव्वीस वर्षं हेच शिवतोय. बोटीचं कव्हर कधी शिवलं नव्हतं. आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं, बोट कुठून येणार? पण पहिल्याच फोनवर बाईंनी विचारलं, "बोटीचं काम केलंय का कधी?" आणि मी सरळ म्हणालो, "केलंय की." ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून माणूस बोलून जातो.

बाईंचं नाव मंदाकिनी. मालवणच्या अलीकडं, खाडीकाठच्या एका गावातून बोलत होत्या. आंब्याच्या ट्रकवरचं माझं कव्हर त्यांनी पाहिलं होतं, त्यावरच्या शिक्क्यावरून नंबर घेतला होता. इथपर्यंत ठीक होतं. पुढचं एकेक मला खटकत गेलं. बोटीचा फोटो मागितला, तर म्हणाल्या, "फोटो जमणार नाही. माप सांगते ते लिहा." रंग हवा चिखलासारखा. वरच्या अंगाला माणूस आत शिरेल एवढी झडप हवी. माझ्या दुकानाचा शिक्का नको. पार्सल घरी नको, एसटी डेपोत ठेवा, आम्ही घेऊन जाऊ. आणि भाव सांगितला तर घासाघीस नाही. लगेच हो.

माझी बायको शोभा कापड बेतते. मी फक्त शिवतो. बेतणं म्हणजे मापं आधी जमिनीवर खडूनं काढायची, मग कापडाला कात्री लावायची. तिनं अठरा फुटी होडी दुकानाच्या फरशीवर काढली, डावीकडं दोन गोल काढले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्या भोकातून काय बाहीर येतंय, ते इचारलं का तुम्ही?"

मी विचारलं नव्हतं. शेजारी मल्लिकार्जुनअप्पांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना बोलावून आणलं. अप्पांनी खडूची होडी दोन मिनिटं पाहिली आणि त्यांना सगळं लख्ख दिसलं.

"पायप हायती हे," ते म्हणाले. "एकातून वाळू वर, दुसऱ्यातून पाणी खाली. कोकण न्हाई न् फिकण न्हाई. ही बोट हितंच कुठंतरी नदीत उभी हाय. झाकून ठेवायला कव्हर करून घ्यायलेत तुमच्याकडून."

चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी पकडतात, जाळतात, हे आम्ही ऐकून होतो. अशाच एका बोटीवर ज्याची ताडपत्री सापडली, त्या दुकानदाराला चार वेळा चौकशीला जावं लागलं, हेही अप्पांनी सांगितलं. शिक्का नको, फोटो नाही, चिखलाचा रंग. सगळं जागच्या जागी बसलं. मी मशीन थांबवलं. कापड कापून झालं होतं, नुसती भोकं पाडायची राहिली होती.

शोभा म्हणाली, "सरळ इचारा तिला." मी फोन लावला.

"बाई, ही भोकं पायपाची आहेत का?"

त्या म्हणाल्या, "कसला पाइप? तुम्ही बोटीचं काम केलंय ना? मग उलांडी माहीत असेल तुम्हाला."

आता नाही कसं म्हणणार? माहीत आहे म्हणालो आणि फोन ठेवला. बाई आपलीच परीक्षा घेतेय, असं मला वाटलं. चोर माणूस असाच उलट प्रश्न करतो, असं अप्पाही म्हणाले.

कॅनव्हास आणायला मी इचलकरंजीला जातोच. त्या खेपेला तिथून पुढं एसटी पकडली. माप पुन्हा तपासायला येतोय, असं बाईंना कळवलं. खरं तर त्या सांगतात तिथं राहतात का आणि बोट आहे का, एवढंच मला बघायचं होतं. डेपोत कोणी भेटणार नाही, अशी माझी जवळजवळ खात्री होती.

त्या उभ्या होत्या. साठी ओलांडलेल्या, काटक, पायांत चप्पल नाही. गळ्यात कापडी पिशवी, तिच्यात बटणांचा छोटा फोन. फोटो का जमत नव्हता, ते तिथंच समजलं. त्या मला खाडीवर घेऊन गेल्या. घराला रस्ता नव्हता, पलीकडं होडीनंच जायचं होतं. मग पार्सल घरी कोण नेणार?

होडी काठाला होती. अरुंद, लाकडी. तिच्या डाव्या अंगातून दोन जाड दांडे आडवे बाहेर आले होते आणि त्यांच्या टोकांना एक लांब ओंडका बांधला होता. ओंडका पाण्यावर तरंगत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बोटीत पाय ठेवला. ती हलली तसा मी जवळचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"धरा, काही होत नाही," बाई वल्हं उचलत म्हणाल्या. "हीच उलांडी. ही नसली तर होडी कुशीवर जाते."

नारळाएवढी भोकं त्या दांड्यांसाठी होती. पावसाळ्यात ये-जा गावच्या मोठ्या होडीनं; ही वर ओढून ठेवतात, तेव्हाही दांडे काढत नाहीत. झडप हवी होती, कारण आठवड्याला आत शिरून वाळवी बघावी लागते. रंग चिखलाचा, कारण निळं कापड दिसलं की कोणीतरी छपरावर घालायला उचलून नेतं. आणि शिक्का? "होडीवर होडीचं नाव आहे. आणखी कशाला?"

पलीकडं गेल्यावर मी टेप काढला आणि सगळं मोजलं. बाईंच्या मापात आणि माझ्या मापात कुठंही अर्ध्या इंचाच्या वर फरक नव्हता. त्या ओट्यावर बसून माझ्याकडं बघत होत्या.

"माप घ्यायलाच आलात?"

"हाव."

"माप मी दिलं होतं."

मी टेप गुंडाळत राहिलो. त्या पुन्हा बोलल्या, अजिबात न रागावता. "हे पहिलंच कव्हर आहे ना तुमचं?"

"पहिलंच."

"मग तसं सांगायचं. मी दोनदा समजावलं असतं."

मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी भात आणि सोलकढी वाढली. पोटभर जेवलो, पण मान खालीच होती. दुपारी त्यांनीच मला परत अलीकडं सोडलं.

लातुरात येऊन मी दुसरं काही हातात घेतलं नाही. भोकांना कातड्याची कड लावली, दांडा घासून कापड फाटू नये म्हणून. कडेला दुहेरी शिवण घातली, दोरी ओवायच्या पितळी कड्या एक फुटाऐवजी नऊ इंचांवर ठोकल्या. पण संशयात आणि प्रवासात माझे अकरा दिवस गेले होते. पार्सल डेपोत पोचलं, तेव्हा तिकडं पाऊस सुरू होऊन चार दिवस झाले होते. बाईंनी जुन्या चादरी आणि झावळ्या टाकून होडी झाकली होती.

त्यांचा फोन आला. कव्हर नीट बसलं, भोकं बरोबर आली, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाणी मुरून पुढची एक फळी गेली. गणपतीनंतर बदलीन." तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं.

शोभानं मला तेव्हा एकदाच ऐकवलं की, ह्या सगळ्या ऑर्डरमध्ये खोटं फक्त आपणच बोललो. अप्पांना मी उलांडी समजावून सांगितली. ते अजून म्हणतात की, पायपालाही तेवढंच भोक लागतं.

आता गिऱ्हाईक बोलतं तो शब्द मी जसाच्या तसा लिहितो. कळला नाही तर तिथंच म्हणतो, हे मला माहीत नाही, सांगा. दोन गिऱ्हाइकं त्यामुळं दुसरीकडं गेली.

मंदाकिनीबाईंचा पुन्हा फोन आला नाही. कव्हर टिकलं असेल, किंवा त्यांना जवळचा कोणी शिवणारा सापडला असेल. मी विचारलेलं नाही.