पंचावन्न ते एकोणसाठ, स्त्री

जगातल्या सगळ्या माणसांचे बायका आणि पुरुष असे दोन ढीग करायचे, मग त्या ढिगांच्या पाच-पाच वर्षांच्या गड्ड्या बांधायच्या आणि शेवटी कोण कामावर आहे, कोण नाही ते बघायचं, एवढं झाल्याशिवाय आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना चैन पडत नसे. मी कतारमध्ये दोह्यात आलो आणि फरीज बिन ओमरान भागातल्या त्या इमारतीत बिऱ्हाड टाकलं, त्याच दिवशी लिफ्टमध्ये त्यांची-माझी पहिली भेट झाली. माझ्या डोक्यावर गादी होती. काकूंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आडनावावरून नातं काढत बसण्याचा आपला लाडका उद्योगही केला नाही. त्यांनी विचारलं, "वय?" मी गादीखालून म्हणालो, "चौतीस." "म्हणजे तीस ते चौतीस. गेल्या आठवड्यात निदान एक तास तरी पगाराचं काम केलंस का?" मी म्हणालो, "काकू, मी नोकरीसाठीच आलोय इथं. इथला आठवडा रविवारी सुरू होतो, परवा जॉइन होणार." "म्हणजे गेल्या आठवड्यात नाही," असं म्हणून त्यांनी मला तिथल्या तिथे बेकारांत टाकलं आणि माझ्या मजल्यावर उतरवून त्या वर निघून गेल्या. बरं, एवढ्यावर थांबतील तर त्या काकू कसल्या! रविवारी संध्याकाळी मी दमून परत आलो, तर दारात उभ्या. हातात शिऱ्याची वाटी. "झालं का तासभर काम? छान. आता तू इकडचा," म्हणाल्या.

हे वेड त्यांनी त्रिनिदादहून आणलं होतं. काका गॅसच्या प्लांटवरचे इंजिनीअर. इथल्या रास लफानच्या प्लांटवर येण्याआधी त्यांची बरीच वर्षं कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर गेली. तिथल्या एका छोट्या संस्थेत काकूंना नोकरी लागली होती. काम असं, की घरोघर जायचं आणि या घरात कोण कोण आहे, त्यांची वयं काय, गेल्या आठवड्यात कोणी कोणी काम केलं, ते विचारून आणायचं. त्यातून म्हणे देशात कुठल्या वयाच्या किती बायका आणि किती पुरुष कामावर आहेत ते ठरतं. नाशिकहून गेलेली, संख्याशास्त्रात पदवी घेऊन तिचा काडीचा उपयोग न झालेली ही बाई खांद्याला पिशवी आणि हातात छत्री घेऊन पत्र्याच्या छपरांच्या गल्ल्या पालथ्या घालू लागली. लोक ओळखू लागले. भारतातून शे-दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्यांच्या पणत्या तिला बेटी म्हणू लागल्या. मग काकांची बदली कतारला झाली. काकू पिशवीसकट आल्या, पण इथे ती पिशवी कोथिंबीर आणायला वापरावी लागली.

त्रिनिदादचा विषय निघाला की काकूंना थांबवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं, आणि विषय कशावरूनही निघे. इथे धुळीचं वादळ आलं तर त्या म्हणत, "तिकडं वादळसुद्धा ओलं असायचं रे." कुठल्या घरात माणूस आहे आणि कुठल्या नाही हे त्यांना तिथे कुत्र्यांवरून कळे. मालक घरात असला की कुत्रा नुसता बघतो, नसला की भुंकतो. इथल्या गल्लीत कुत्रीच नाहीत, मांजरंच मांजरं, आणि त्या मांजरांना कोण घरात आहे याच्याशी काही कर्तव्य नाही, ही काकूंची कतारविषयीची एकमेव गंभीर तक्रार होती. त्यांचा आवडता किस्सा एका आंब्याखाली बसलेल्या माणसाचा. काम करतोस का, तर नाही. काम शोधतोस का, तर तेही नाही. मग करतोस काय? तो म्हणाला, लाइमिंग. म्हणजे चार मित्र जमवून काहीही न करता मजेत बसायचं. "त्याला कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळेना," काकू सांगत. "म्हणून मी पण बसले जरा वेळ. कैरीला मीठ-मिरची लावून दिली त्यानं. काय सुख होतं रे त्या झाडाखाली!" असं म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत. बाहेर समोरच्या इमारतीचे एसी गळत असत.

वाढदिवस त्यांच्या लेखी पाच वर्षांतून एकदाच यायचा. पस्तिसावा आला तेव्हा माझ्यासाठी पुरणाचा स्वयंपाक झाला, कारण माझा गट बदलला होता. छत्तिसाव्याला मी आपला आशाळभूतपणे वर गेलो, तर काकू म्हणाल्या, "गटातल्या गटात कसला रे वाढदिवस? चहा घे आणि जा." तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांची चिमुरडी एकदा मोठ्या हौसेनं आपलं वय सांगायला आली, तेव्हा त्यांनी तिला पंधरा वर्षांखालची मुलं मोजत नाहीत असं सांगून टाकलं. मुलगी फुरंगटून म्हणाली, "बट आय ॲम ऑल्सो अ पर्सन!" काकूंना ते फार पटलं. त्यांनी तिला जवळ घेऊन लाडू दिला, मोजलं मात्र नाही.

पण त्यांची खरी करामत बायकांना प्रश्न विचारण्यात होती. बाईला कधी "तू काम करतेस का" असं विचारायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. ती नाहीच म्हणणार. "काल उठल्यापासून काय काय केलंस ते सांग" म्हणायचं आणि गप्प बसायचं. मग कळतं, की ही चार घरांना डबे देते, ती मिरचीचा सॉस बाटल्यांत भरून विकते, तिसरी रविवारी चर्चच्या बायकांचे झगे शिवते. आमच्या इमारतीतल्या तीन गृहिणी या पद्धतीनं काकूंनी बघता बघता कमावत्या करून सोडल्या. त्यातल्या एकीच्या नवऱ्याला आपली बायको केक विकते हे काकूंकडूनच कळलं. आठ दिवस त्या घरातून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं.

आणि एका गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, पुण्याहून नव्यानं आलेल्या एका बाईंनी काकूंनाच विचारलं, "तुम्ही काय करता?" मी मागेच उभा होतो. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "काही नाही हो. घरीच असते." त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. रांगेत पुढे सरकताना त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

त्रिनिदादच्या रोजगाराचे नवे आकडे निघाले की त्या सकाळी चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसत. मला वाटे, आपल्या जुन्या कामाची हौस. एकदा मी शेजारी बसलो होतो, तेव्हा कळलं की त्या सगळा तक्ता वाचतच नाहीत. बोट सरळ खाली नेतात आणि एका ओळीवर ठेवतात. पंचावन्न ते एकोणसाठ, स्त्रिया. "तिथं राहिले असते तर या आकड्यात मी असते," त्या म्हणाल्या. "एवढ्या बायकांत एक मी. कोणाला दिसले नसते, पण असते." त्यांना श्रावणात साठ पूर्ण होणार होती. गट बदलायच्या आत एकदा, फक्त एकदा, पुन्हा कामावर जायचं ही त्यांची एवढीच इच्छा होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती आणि आम्हा सगळ्यांना ठाऊक होती.

काकांना तर नक्कीच ठाऊक होती. काका म्हणजे शब्द पगारातून कापले जातात अशा समजुतीनं बोलणारा माणूस. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, आणि मधल्या जगाविषयी त्यांचं मत एकच, "खलास." जेवण झालं, खलास. मॅच हरलो, खलास. पण एकदा काकू स्वयंपाकघरात असताना ते मला आपणहून म्हणाले, "तिकडं बाजारात गेलो की लोक मला तिचा नवरा म्हणून ओळखायचे. इथं ती माझ्या व्हिसावर आहे." आणि त्यांनी पेपर उघडला.

माझी बायको पुण्यात बँकेत आहे. ती नोकरी सोडून इकडे यावी म्हणून मी दर सुट्टीत तिच्या मागे लागत असे, आणि परत आलो की काकू पहिला प्रश्न विचारत, "सोडायला लावली नाहीस ना नोकरी?" मला राग यायचा. संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडणं मलाच माहीत. मी एकदा तोडून म्हणालो, "काकू, तुम्ही नाही का आलात काकांबरोबर?" त्या रागावल्या नाहीत. "म्हणून तर सांगते," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक जाहिरात आली. इथल्या एका खासगी संस्थेला भारतीय कुटुंबांची पाहणी करायची होती, काही आठवड्यांचं काम, हिंदी किंवा मराठी येणाऱ्या बायका हव्या होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्यांचाही कामाचा परवाना निघेल असं लिहिलेलं होतं. मी तो मेसेज काकूंना पाठवला आणि अर्ध्या मिनिटात वरून पावलं वाजली. मुलाखतीला मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो. त्रिनिदादची पिशवी खांद्याला होती आणि पोलक्याला इस्त्री होती. मी खाली थांबलो. बऱ्याच वेळानं त्या आल्या, त्या चेहरा पाडून. "घोटाळा झाला रे," गाडीत बसताच म्हणाल्या. "टेबलापलीकडे तो मुलगा बसला होता. समोर कोरा कागद, बाजूला पेन. माझा हात आपोआप पेनाकडे गेला. मी त्याचं वय विचारलं. मग घरात कोण कोण, बायको काय करते, गेल्या आठवड्यात तू किती तास काम केलंस... सगळं विचारून झालं, त्याला थँक यू म्हणाले, वेळ दिल्याबद्दल आभार मानले आणि उठून आले. तो मला काही विचारायचा राहूनच गेला. मीच त्याची मुलाखत घेऊन आले!" मला हसू आवरेना. मग बघतो तर काकूंच्या डोळ्यांत पाणी. मी गाडी सुरू केली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काकूंनी कोणाला वय विचारणं बंद केलं. लिफ्टमध्ये नवी माणसं चढायची, उतरायची, काकू समोरच्या आकड्यांकडे बघत उभ्या. त्यातच काकांचं कंत्राट पुढे वाढणार नाही असं कळलं. जूनच्या आत नाशिकला परतायचं ठरलं. काका म्हणाले, "खलास," पण या वेळी त्यांनी ते काकूंकडे न बघता म्हटलं. आणि खोकी बांधायला घेतली, त्याच आठवड्यात त्या संस्थेतून फोन आला. तो मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला सगळं खरं खरं सांगून बसलो, माझ्या लक्षातच आलं नाही. यल्ला, चला आता, कधी येताय?" काकूंनी आपण लवकरच देश सोडणार असल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं. तो म्हणाला, पाहणी त्याच्या आधी संपेल.

आता ते दोघं नाशिकला आहेत. वरच्या मजल्यावर कोणी नवं कुटुंब आलंय. त्यांच्याकडून शिरा येत नाही आणि मी कुठल्या गटात आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. काकूंची आठवण आली की मला जेवणाचं ताट किंवा तो तक्ता आठवत नाही, एप्रिलमधला एक शनिवार आठवतो. पाहणीत आमची गल्ली आली होती. मी सकाळी उठून घर आवरलं, पोहे केले, आलं घालून चहा उकळत ठेवला. बेल वाजली तर दारात एक मल्याळी तरुणी. ओळखीच्या घरी जायचं नाही असा नियम आहे, म्हणून काकूंनी आमची इमारत तिला देऊन समोरची आपण घेतली होती. तिनं हिंदीत सगळं नीट विचारलं. घरात आणखी कोण राहतं, तर कोणी नाही. चहा पुढे केला, तर लाजून म्हणाली, "आंटी ने बोला था आप चाय देंगे. बोलीं, मना करना."

ती गेल्यावर मी खिडकीशी आलो. समोरच्या इमारतीच्या दाराशी काकू उभ्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, हातात छत्री, उन्हानं चेहरा लाल झालेला. त्यांनी पदर सारखा केला, केस कानामागे घेतले आणि बेल दाबायच्या आधी क्षणभर डोळे मिटले. इतकी सुखी बाई मी त्या गल्लीत कधी पाहिली नव्हती. मला राहवेना. खिडकी सरकवून मी हाक मारायला तोंड उघडलं. खाली रस्त्याच्या कडेला गाडीत काका बसले होते. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. काकू कामावर होत्या. मी खिडकी हळूच लावून घेतली.