कॉम्प्युटरचं पांघरूण

गोपाळकाकांच्या घरात एक उघडी वस्तू शोधून दाखवावी! टीव्हीला झालरीचं पांघरूण, मिक्सरला फुलाफुलांचं, रिमोट प्लास्टिकमध्ये, स्कूटर ताडपत्रीत. ज्या मशीनवर काकूंनी हे सगळं शिवलं, त्या मशीनलाही स्वतःचं टोपडं होतं. रायपूरच्या चौबे कॉलोनीत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी मी प्यायला पाणी मागायला गेले, तर माठावरच्या तांब्यालासुद्धा विणलेली जाळी. मला हसू आवरेना. काका गंभीरपणे म्हणाले, "हसू नको बाई. झाकलेलं टिकते. उघडं ठेवलं का गेलंच समज."

माणूस मूळचा विदर्भातला. सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. शिवलेलं गाठोडं सुखरूप पोचतं आणि उसवलेल्यावर भांडणं होतात, एवढं तत्त्वज्ञान तिथून घेऊन ते रिटायर झाले होते. बायकोही तशीच मिळाली. काका वस्तू आणायचे आणि काकू माप घ्यायच्या. नवा पंखा आला तेव्हा मी म्हटलं, "काकू, आता काकांचंही माप घ्या." त्या म्हणाल्या, "त्याहिले मी आहे ना!"

काकूंनी शेवटचं पांघरूण शिवलं ते कॉम्प्युटरच्या डब्याचं. तेव्हा त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या. जाड मांजरपाट, त्यावर हिरवे राघू. पडल्या पडल्या शिवायच्या, पण कोणाला सुईला हात लावू देत नसत. शेवटच्या राघूची चोच भरायची राहिली आणि काकू गेल्या. त्यानंतर काका रोज सकाळी ते पांघरूण हलकेच झटकून पुन्हा डब्यावर सारखं करत. देवपूजा कधी चुकली असेल, हे चुकलं नाही.

त्या कॉम्प्युटरमध्ये काकांचा जीव होता, कारण त्यात दर रविवारी त्यांची नात यायची. मुलगा प्रशांत दिल्लीला, नात मीरा सहा वर्षांची. काकांच्या डोळ्यांत काचबिंदू. मोबाइलमधली मीरा त्यांना नीट दिसत नसे, मोठ्या स्क्रीनवर तेवढी दिसायची. ते तिला मराठीतून गोष्ट सांगत. तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. आमच्या रायपूरची पोरंही तेच करतात म्हणा! पण काकांनी हट्टच धरला होता. "सुनंदा, मले तिच्या तोंडून एक मराठी वाक्य ऐकू दे. एकच. मंग हे डोळे गेले तरी चालन."

कॉम्प्युटर जुना झाला होता. दिवाळीला प्रशांतने येऊन त्याची आतडीच बदलली. नवा प्रोसेसर, नवी मेमरी, नवी डिस्क. तो होता तोवर यंत्र हरणासारखं पळालं. तो दिल्लीला परतला आणि पुढच्याच रविवारी गोष्टीतला कोल्हा विहिरीपाशी पोचला न पोचला तोच चित्र थिजलं. पलीकडून मीराचा आवाज आला, "आबा, आप फिर अटक गए!"

"मी नाही अटकलो बेटा, हे डब्बं अटकलं," काका स्क्रीनजवळ तोंड नेऊन ओरडत होते. तोवर ती खेळायला पळाली होती.

बुढापारा भागातल्या दुकानातून मेकॅनिक आला. त्याने खोलून पाहिलं, चालवून पाहिलं. "अंकल, मशीन तो मक्खन चल रही है. नेट देखो." नेटवाला म्हणाला, "लाइन ठीक है, मशीन दिखाओ." काका वैतागले. "सून म्हणते सासूनं मीठ टाकलं, सासू म्हणते सुनेनं. अन् मी मेला खारट वरण खाऊन राहिलो!" हसवायचे, पण मागच्या दोन रविवारी मीरा कंटाळून गोष्ट अर्धी टाकून गेली होती, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. मला म्हणाले, "पोरगी मले विसरत नाही, सुनंदा. कंटाळून राहिली. ते जास्त वाईट."

एका रविवारी मी वाटीभर भाजी घेऊन न सांगताच आत शिरले. स्क्रीनवर मीरा अर्धं तोंड उघडून थिजलेली, काका "हॅलो, हॅलो" करताहेत, आणि टेबलाखालून डब्यातला पंखा नुसता घों घों ओरडतोय. मी वाकून डब्याला हात लावला. अगं बाई! तापलेला तवा. आणि त्यावर, चारी बाजूंनी अगदी जमिनीपर्यंत, काकूंचे राघू.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोणी येणार असलं की काका पांघरूण आधीच काढून घडी करून कपाटात ठेवत; मेकॅनिकचे तेलकट हात काकूंच्या भरतकामाला लागायला नकोत. प्रशांत काम करत होता तेव्हाही तेच झालं होतं. त्यामुळे माणूस आला की यंत्र मोकळं, आणि गेला की पुन्हा बुरख्यात. जुनं यंत्र फारसं तापत नव्हतं म्हणून निभावलं. नवं दमदार होतं. कोंडलं की तापायचं, आणि तापलं की आपोआप सावकाश चालायचं.

हे सांगायला माझी जीभ उचलेना, आणि मी तर तोंडाची फटकळ! शेवटी म्हटलं, "काका, याला श्वास घेऊ द्या. हे काढावं लागेल."

त्यांनी वाकून शेवटच्या राघूवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तिनं हे मरता मरता शिवलं. मी काढून टाकू?"

"टाकू नका. जवळ घ्या," मी म्हटलं. मला दुसरं काय सुचणार!

त्यांनी स्वतःच्या हातांनी ते काढलं. पाचेक मिनिटांत पंखा शांत झाला आणि मीरा हलली. तिनं पहिलं विचारलं, "आबा, वो तोतेवाला कपड़ा गोदी में क्यों लिया?"

"मशीनले गरम होऊन राहिलं होतं, बेटा. पांघरलं का जीव घाबरते तिचा, मंग चालत नाही. काढलं का चालू होते."

तेव्हापासून राघू काकांच्या मांडीवर असत आणि कोल्हा विहिरीत पडून बाहेरही निघे. मीरा दर रविवारी आधी दटावून विचारायची, "आबा, चादर हटाई?" काका म्हणायचे, "मराठीत विचार, मंग सांगतो." ती खिदळायची. मराठीत काही विचारायची नाही. "बोलन, बोलन," काका मला म्हणायचे. "पार्सल उशिरा पोचते, पण पोचते."

मे महिन्यात एका सकाळी काका अंघोळीहून आले, खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. प्रशांत दुपारच्या विमानाने सगळ्यांना घेऊन आला. काकांना बैठकीत ठेवलं होतं, गळ्यापर्यंत पांढरी चादर घातलेली. राघूंचं पांघरूण मी त्यांच्या हाताशी ठेवलं होतं. बायका रडत होत्या. मीराला कोणी पुढे येऊ देईना, पण ती माझ्या हाताखालून निसटली आणि आबांपाशी जाऊन उभी राहिली. त्यांच्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि मग आपल्या बापाकडे वळून रागाने म्हणाली,

"चादर काढा ना. आबाले गरम होऊन राहिलं. काढली का चालू होतील."

प्रशांतने वाकून चादर छातीखाली ओढली आणि तिथेच गुडघ्यांवर बसला. मी तोंडात पदर कोंबला. मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. काका, उठा हो. पोरगी मराठीत बोलून राहिली.