रुमाल टाकून धरलेली पोरगी

नव्वदीच्या दशकात आमच्याकडं प्रेम एसटीतच जमायचं, दुसरीकडं जागाच नव्हती. बारामतीच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कायदा सरपंचापासून पाकीटमारापर्यंत सगळे पाळत. अकरावीत असताना वर्गातला एक मुलगा रोज माझ्यासाठी रुमाल टाकू लागला आणि मी आमच्या कळस गावापर्यंत ऐटीत बसून जाऊ लागले. मैत्रिणी जळायच्या. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग या रुमालवाल्या साहेबांचे हुकूम सुटायला लागले. केस मोकळे सोडायचे नाहीत, कंडक्टरशी हसून बोलायचं नाही. कंडक्टर माझ्या वडिलांच्या वयाचा आणि समोरचे दोन दात पडलेला, पण या शहाण्याला कोण सांगणार! मैत्रिणी म्हणायच्या, किती काळजी करतो गं. मलाही तसंच वाटायचं.

एकदा मी मैत्रिणीशेजारी जाऊन बसले. त्यानं भर गाडीत माझं मनगट असं पिरगाळलं की बांगड्या फुटून रुतल्या. रुमालाचा कायदा त्यानं मलाही लावला होता. गाडीतल्या मंडळींनाही तो पटलेला दिसला, कारण सगळे जन्मात ऊस न पाहिल्यासारखे बाहेरचा ऊस बघत बसले.

घरी सांगायची सोय नव्हती. मुलाची भानगड कळली की कॉलेज बंद आणि लगेच लग्न, हे गावात ठरलेलंच. मला तर नर्स व्हायचं होतं. मी मनगटाला ओढणी गुंडाळून फिरले, पण भाकरी वाढताना ती सुटली आणि वडिलांना, म्हणजे तात्यांना, ते दिसलं. रडत रडत सगळं सांगितलं. आई म्हणाली, बास झालं शिक्षण.

दुसऱ्या दिवशी तात्या धोतर सावरत माझ्याबरोबर कॉलेजला जायच्या एसटीत चढले. तो मुलगा बसलाच होता, बाकीचीही रोजचीच मंडळी होती. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझा हात वर धरून त्यांनी गाडीभर दाखवला.

"कॉलेज बंद हुईल म्हणून ही घरी गप ऱ्हायली," ते म्हणाले. "तुमचं काय बंद होणार हुतं?"

कंडक्टरनं त्या मुलाला उठवून ड्रायव्हरच्या मागं उभं केलं. पुढं वर्षभर तो तिथंच उभा राहून आला, आणि मी बारावी झाले.