झेंडू आणि बर्फ

नवरा गेला तेव्हा मी कोल्हापुरात होते, माहेर पार गोंदियाकडं. शिक्षण सातवीपर्यंत. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला काचसामान धुवायला ठेवून घेतलं. ते उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण काम जाईल ही धास्ती रोजच असायची.

दोन हजार सालानंतर कधीतरी बाईंकडं उत्तर ध्रुवाजवळच्या तळ्याचा गाळ आला. लांब नळकांड्यात भरलेला. "जितका खालचा, तितका जुना," बाई म्हणाल्या. "हजारो वर्षांपूर्वी तिथं काय उगवत होतं, त्याचा अंश यात उरलेला असतो. डीएनए म्हणतात त्याला." मी बघतच राहिले. आमच्याकडं तळ्यातला गाळ धानाच्या शेतात टाकतात, एवढंच मला माहीत.

बाईंनी नळकांडं उभं चिरून अर्धा गाळ कापायला काढला, अर्धा फ्रीजरात ठेवला. मधे खंडेनवमी आली. सगळ्या अवजारांची पूजा झाली. तराजू, सूक्ष्मदर्शक, गाळ कापायची सुरीसुद्धा. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. दसऱ्यानंतर सुरी मी पुसून दिली. त्याच सुरीनं बाईंनी गाळाचे तुकडे कापले आणि ते तपासायला परगावी गेले.

निकाल आला. बर्फाच्या मुलखातल्या गाळात झेंडू आणि हळद!

शिपाई खदाखदा हसला. "काय वो मावशी, तिकडं बी दसरा करत्यात व्हय?"

प्रयोगशाळेतले एक सर मात्र हसले नाहीत. "सुरी कोणी धुतली होती?"

सगळे माझ्याकडं वळले. "पुसली होती जी मी. धुवायचं कोणी सांगितलं नाही."

"पुसली!"

"आधी कुंकू कुणी लावलं ते विचारा की," बाई म्हणाल्या. "मी लावलं. तिला कशाला बोलताय?"

मला रडूच फुटलं.

फ्रीजरातला अर्धा गाळ नव्या पात्यानं कापला. या वेळी निघालं वाळुंज, आणि खुजं भूर्ज, थंड मुलखातली झाडं. आज नुसता दगड नि बर्फ असलेल्या जागी झाडं होती! बाईसुद्धा कागद हातात धरून खुर्चीत बसल्या आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.

पुढच्या खंडेनवमीला बाईंनी हळदकुंकू बाहेरच्या दारालाच लावलं आणि सुरीच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. ती पदराला बांधून मी दिवसभर चाचपत होते.